डुक्करशास्त्र्याचं मत

"इथे डुकरांना प्रवेश नाही," प्रोफेसर म्हणाले. "तुम्हाला कसा मिळाला, ते एकदा प्रिन्सिपॉलसाहेबांना विचारलं पाहिजे."

वर्ग हसला. पुढचे बाक आधी हसले, मग मधले, मग मागचे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्यानं, मी हसलो.

हे आधीच लिहून टाकतो. पुढं मी माझी बाजू घेणार आहे, आणि माणूस स्वतःची बाजू घ्यायला लागला की नेमकं असलं काही विसरतो.

झालं होतं एवढंच. प्रोफेसरांनी टेबलावर टिचकी मारली आणि विचारलं, "हे टेबल आपण पाहतो आहोत. आता समजा, आपण सगळे बाहेर गेलो. पाहणारं कोणी नाही. मग टेबल आहे की नाही?" पहिल्याच तासाला त्यांनी बजावलं होतं की तत्त्वज्ञान प्रश्नातून जन्मतं, ज्याला प्रश्न पडत नाही त्यानं खुशाल शेतावर जावं. मी शेतावरूनच आलो होतो आणि मला प्रश्न पडला होता. उभा राहिलो. शुद्ध बोलायचं म्हणून बोर्डिंगपासून वर्गापर्यंत रोज मनात सराव करत यायचो. मी उभा राहिलो आणि सगळं शुद्ध खाली बसलं.

"सर, रातच्याले वावरात कोनी नसते. ज्वारीले कोनी पाह्यत नाही. डुक्कर येते, त्यालेही कोनी पाह्यत नाही. मंग सकाळी अर्धा पट्टा भुईसपाट कसा काय दिसते?"

मला म्हणायचं होतं की पाहणारं नसलं म्हणून वस्तू नसती, तर रात्रभर ज्वारीही नव्हती आणि डुक्करही नव्हतं. मग खाल्लं कोणी, आणि काय? पण तिथपर्यंत पोचलोच नाही. प्रोफेसरांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, नाकाला लावला आणि वर लिहिलेलं वाक्य म्हणाले. त्याच तासाला माझं बारसं झालं. डुक्करशास्त्री.

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नघरी जेवणं आटोपली, सतरंज्या पडल्या की कोणी ना कोणी म्हणतंच, "दादा, तुमचं डुक्कर होऊ द्या." मी करतो. रुमाल नाकाला लावतो, पुण्याचं बोलतो, डुकराचा आवाजही काढतो. तीस वर्षांत डुक्कर चांगलं पोसलं गेलंय. आता ते वर्गात शिरतं, प्रोफेसरांचं धोतर ओढतं. पोरं लोळून हसतात. घरच्या गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव आहे, आणि त्या नावात निम्मा वाटा त्या जनावराचा आहे.

गेल्या महिन्यात पत्र आलं. प्रोफेसरांचा सत्कार आहे, गौरवग्रंथ निघतोय, जुन्या विद्यार्थ्यांनी 'सरांविषयी चार गोड शब्द' लिहून पाठवावेत. म्हणजे मत मागवलंय. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मागवलं तेव्हा काय झालं, ते घरी मी कधी सांगत नाही, कारण त्यात डुक्कर नाही. आज तेच लिहितोय.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. परीक्षा, निकाल, कमिट्या, सगळं नागपूरहून. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एका गावी नवं कॉलेज निघालं होतं. गावाचं नाव घेत नाही, त्या गावानं माझं काही वाईट केलेलं नाही. कॉलेज भरायचं कापसाच्या जिनाच्या जुन्या गोदामात. खिडक्या उंच, माणसासाठी नव्हे, गठाणींना हवा लागावी म्हणून ठेवलेल्या. मी मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तत्त्वज्ञान का घेतलं, असं कोणी विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. कॉलेजचा क्लार्क म्हणाला, "हे घे. यात पाठ करा लागत नाही, नुसता इचार करा लागते." मी म्हटलं, मग तर घरचंच काम.

प्रोफेसर पुण्याकडून आलेले. गोरे, बारीक, बंद गळ्याचा कोट. त्यांच्या मते ते आमच्याकडे आले नव्हते, त्यांना पाठवण्यात आलं होतं, आणि ही चूक कुणाच्या तरी लवकरच लक्षात येईल. पुढच्या बाकांवर वकिलांची, डॉक्टरांची, सरकारी अंमलदारांची मुलं बसत. त्यांच्याशी ते बोलत. मागं आम्ही, टोपीवाले. आमच्याकडे पाहून ते शिकवत नसत, आमच्या डोक्यावरून त्या उंच खिडकीकडे पाहून शिकवत. टेबलाचं माहीत नाही, पण कोणी न पाहता माणूस असतो की नाही याचा अभ्यास आम्ही मागच्या बाकावर वर्षभर केला.

डुकराच्या तासानंतर मात्र ते माझ्याकडे पाहू लागले. दुपारचा तास पेंगायला लागला की पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "बोला डुक्करशास्त्री, या बाबतीत वराहांचं काय मत?"

आणि मी बोलायचो. हे सांगताना आज कानशिलं तापतात, पण बोलायचो. मुद्दाम जास्त गावठी बोलायचो. "सर, वराह म्हनतात आमाले ईचारून कोनी धुरा घातला नाही." धुरा म्हणजे शेताचा बांध. वर्ग खदखदायचा. प्रोफेसर पुढच्या बाकाकडे पाहून मान हलवायचे, जसं काही माकड त्यांनीच पाळलंय आणि पाव्हण्यांना दाखवतायत. मला वाटायचं, सरांची आपल्यावर मर्जी आहे. बोर्डिंगात मी बढाई मारायचो की सगळ्या वर्गात सरांना नावानं ठाऊक असलेला मागच्या बाकावरचा मी एकटा. नाव कोणतं, ते बोर्डिंगातल्या कोणी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

दिवाळीत घरी जाऊन बापालाही सगळं करून दाखवलं. माय हसली. बा हसला नाही. चिलीम झाडत म्हणाला, "तुह्या मास्तरनं जागल केली का कदी रातच्याले वावराची?"

"नाही."

"मंग तो हासला कायले?"

मी म्हटलं, बा अडाणी आहे, याला विनोद कळत नाही. प्रोफेसरांनी चार महिन्यांत मला एवढं मात्र पक्कं शिकवलं होतं.

जानेवारीत ते टिपणं लिहून द्यायला लागले. परीक्षा जवळ आली होती. आम्ही मान खाली घालून लिहून घेत होतो. ते म्हणाले, "टेबलाच्या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा आक्षेप. लिहा. बंद खोलीत आपण पेटती मेणबत्ती ठेवली. खोलीत कोणी नाही. तासाभरानं परत आलो. मेणबत्ती अर्धी झालेली आहे. पाहणारं कोणी नसताना मेणबत्ती नव्हती असं मानलं, तर जळलं काय? म्हणून वस्तू पाहणाऱ्यावाचूनही असते, असं म्हणण्यास हा सबळ आधार आहे. हा युक्तिवाद विलायतेत फार गाजला. याखाली रेघ मारा."

पुढच्या बाकावरचा वकिलांचा मुलगा म्हणाला, "वा, सर."

मी लिहून घेतलं. रेघही मारली. लिहून झाल्यावर वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही शेजारच्या श्रीरामकडे सरकवली. श्रीराम जळगाव जामोदचा, बोर्डिंगात माझ्याच खोलीत राहायचा, आणि माझ्यापेक्षा शहाणा होता. त्यानं वाचलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "हे तं तुहंच डुक्कर हाय बे. मेन लावून आलं."

मला हसू आलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

कुणी लाथ मारली तर निदान लागलेलं कळतं. हे वेगळंच होतं. मी मूर्ख आहे यावर वर्गाचं, प्रोफेसरांचं आणि माझं असं तिघांचं एकमत झालेलं होतं. त्या एकमतावर मी पाच महिने मजेत राहिलो होतो. आणि आता वहीत, माझ्याच अक्षरात, रेघ मारून लिहिलेलं होतं की माझं बरोबर होतं. ऑगस्टातही बरोबर होतं. आमच्या धुऱ्यावरून आलं तेव्हा त्याला वास होता, विलायतेहून आलं तेव्हा त्याला उजेड. मुद्दा तोच. मी ज्या माणसाच्या मर्जीत होतो, त्याला तो मुद्दा तेव्हा कळलाच नव्हता. किंवा कळला होता. दोन्हींत जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी श्रीरामला म्हटलं, "उठून सांगू का?"

"चूप राह्य. पास होऊ दे."

राहिलो चूप.

फेब्रुवारीत नोटीस लागली. विषय कायम करायचा की नाही हे पाहायला नागपूरहून कमिटी येणार होती, आणि कमिटीला विद्यार्थ्यांची मतं पाहिजे होती. अभ्यासक्रम कसा वाटला, शिकवणं कसं वाटलं. प्रत्येकानं एका कागदावर लिहावं, नाव लिहू नये, घडी करून पेटीत टाकावं. पेटी घेऊन वर्गात प्रोफेसर स्वतःच आले. टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "निर्भयपणे लिहा."

मी लिहिलं ते असं. कागद पुढं माझ्याजवळच राहिला, म्हणून शब्दाला शब्द देतो.

'विषय चांगला आहे. सरांना इंग्रजी फार चांगले येते. सर पहिल्या दिवशी म्हणाले, प्रश्न विचारा. मागच्या बाकावरून विचारलेल्या प्रश्नाला वर्षभरात एकदाही उत्तर मिळाले नाही, हसू मिळाले. मी ऑगस्टात विचारलेले सरांनी जानेवारीत मेणबत्ती म्हणून लिहून दिले. ते आज खरे आहे तर तेव्हाही खरे होते. सर हुशार आहेत पण सर ऐकत नाहीत. जो ऐकत नाही त्याने हा विषय शिकवू नये, असे माझे मत आहे. कळावे.'

आणि खाली मी नाव लिहिलं. माझं, बापाचं, आडनाव, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा.

आता लोक म्हणतील, एवढी नोटीस लागली होती, नाव लिहू नये म्हणून. वाचता येत नव्हतं का? येत होतं. पण नाव गाळायला हात धजला नाही. आमच्या गावात तेव्हा निनावी अर्जाची साथ होती. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, तो तहसिलीत बिननावाचा कागद टाकायचा. आमच्या बावरही एक पडला होता, की यानं शेजाऱ्याचा धुरा कोरला. साहेब आले, साखळी टाकून मोजणी केली. काही निघालं नाही. पण मोजणी होत असताना सगळं गाव बांधावर उभं होतं आणि बा वावराच्या मधोमध, टोपी हातात घेऊन. त्या दिवशी तो मला म्हणाला होता, "ज्या कागदाले नाव नाही तो कागद नाही. ते वाटंवरचं हागनं होय. करते कोनी, पाय भरते दुसऱ्याचा."

तेव्हा शौर्य वगैरे काही नव्हतं. कुणाविरुद्ध लिहायचं आणि नाव झाकायचं, हे मला घाण वाटलं, बस्स. शहरातल्या मुलांनी सरांची स्तुती केली आणि तीही निनावी. मी एकट्यानं निंदा केली आणि पत्ता दिला. यातून काय होणार, हे बैलालाही कळलं असतं.

पेटी प्रिन्सिपॉलांकडे जायची होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर्गात आली, प्रोफेसरांच्या काखेत, उघडलेली.

"तुमची मतं ऐकण्यासारखी आहेत," ते म्हणाले आणि वाचू लागले. सरांच्या वाणीत सरस्वती आहे. सर म्हणजे आधुनिक काळातले ऋषी. विषय कठीण असून सरांमुळे गोड झाला. सरांच्या पायाशी बसून जन्माचं सार्थक झालं. हे शेवटचं वाचलं जात असताना श्रीराम खिडकीकडे पाहत होता, तेव्हा ते कुणाचं, मला कळलं. प्रत्येक कागदावर प्रोफेसर नाही-नाही अशी मान हलवायचे आणि पुढचा उचलायचे.

माझा त्यांनी शेवटी ठेवला होता. आणि शेवटापासून वाचला. उभे राहिले, छाती काढली, आणि कोर्टातला चपराशी पुकारा करतो तसं माझं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, असं एकेक ओढून म्हणाले, "हाजिर हो."

बापाच्या नावाला सगळ्यात जास्त हशा झाला. आमच्याकडची नावं तशी असतात.

मी उभा राहिलो. मग त्यांनी मजकूर वाचला. 'मेणबत्ती' आलं तिथं हशा थोडा अडखळला. पुढं 'जो ऐकत नाही' आलं आणि तो थांबलाच.

"हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?"

"मीच लिवलं."

"'जो ऐकत नाही त्याने हा विषय शिकवू नये.' हे वाक्य तुमचं?"

"हाव."

"खरं सांगा. कोणत्या प्रोफेसरांनी सांगितलं?"

"खाली नाव हाय ना, सर."

त्यांना माझा राग आला असता तर मला चाललं असतं. त्यांना राग आला नाही. त्यांना खरंच वाटत होतं की हे वाक्य माझ्या डोक्यातून निघणं शक्य नाही, तेव्हा ते कुठून चोरलं एवढं शोधायचं. डुकराला रुमाल लावला होता तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून माझा परीक्षेचा फॉर्म काढला. फॉर्मवर प्रत्येक विषयाच्या प्रोफेसरांची सही लागायची. तिघांच्या झालेल्या होत्या. त्यांनी फॉर्म एका बाजूला ठेवला, माझा कागद दुसऱ्या बाजूला, आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या दिशेनं धरलं.

"याखाली लिहा. वरील मजकूर अज्ञानापोटी लिहिला, मागे घेतो. मग मी इथे सही करतो. विषय संपला."

वर्ग वाट पाहत होता. माझ्या विनोदाची. मला ठाऊक होतं काय करायचं. डोकं खाजवायचं, टोपी नीट करायची, म्हणायचं, "सर, वराहांले ईचारून येतो." हशा झाला असता, त्यांनीही मान हलवली असती, वर्ष वाचलं असतं. ओठ तशी तयारी करतही होते. सहा महिन्यांची सवय.

शेजारून श्रीराम म्हणाला, "लिही बे. लिहून टाक."

मी टेबलापर्यंत गेलो. कागदाकडे पाहिलं. 'अज्ञानापोटी.' त्या अख्ख्या वर्षात मला नीट कळलेली एकच गोष्ट असेल तर ती त्या कागदावर होती. बाकी सगळं अज्ञान होतं, लिहून दिलं असतं. पण हे नाही.

"नाही लिहीत," मी म्हटलं.

"काय?"

"नाही लिहीत, सर. मले माहीत हाय तेच लिवलं."

कोणी हसलं नाही. हा विनोद आहे की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. प्रोफेसरांनी पेनाला टोपण लावलं, फॉर्म परत खिशात घातला. मी माझा कागद उचलला आणि बाकावर जाऊन बसलो. तास संपेपर्यंत बसलो. ते महत्त्वाचं वाटलं. उठून गेलो असतो तर मी रुसलो असं झालं असतं.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. म्हातारा माणूस, भला. म्हणाले, "अरे बाबा, दोन ओळी लिहून दे. मत काय, आज एक असतं, उद्या बदलतं."

"बदललं की लिहून देईन, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वर्ष जाईल ना रे."

"पेटी त्यांनी उघडली, ते चालते का, सर?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि समोरचा कागद ओढला. भल्या माणसांचं एवढंच असतं. त्यांना सगळं कळतं.

कमिटी आली. कमिटीनं बासुंदी खाल्ली, मतं वाचली. एकही प्रतिकूल मत नाही म्हणून आनंद व्यक्त केला. विषय कायम झाला, प्रोफेसर कायम झाले. माझं वर्ष गेलं.

बा बैलगाडी घेऊन न्यायला आला. ट्रंक गाडीत ठेवून झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, या वेळी नकला न करता. मला वाटलं, पाठीवर हात ठेवेल. त्यानं बैलांची दोरी सोडली आणि म्हणाला, "नाव लिवलं ते बरं केलं. पन वर्स गेलं ते गेलंच." आणि गाडी गावाकडे हाकली. त्याचं बरोबर होतं. एका वाक्यानं दुसरं वाक्य भरून निघत नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी जाऊन इतिहास घेतला. इतिहासात सगळे मेलेले असतात, कोणी रुमाल काढत नाही. इंटर झालो, मास्तर झालो, तत्त्वज्ञानाचं नाव टाकलं. डुक्कर तेवढं ठेवलं, घरच्यांना हसवायला. आता वाटतं, ती हुशारी नव्हती. वर्गात थांबवलेली नोकरी मी घरी बिनपगारी चालू ठेवली होती. प्रोफेसरांचं काम मीच करत होतो, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं. त्यांना आवाज काढता येत नव्हता.

यंदा पुतणीच्या लग्नात पुन्हा फर्माईश झाली. मी रुमाल काढला. धाकटी पुतणी, शालू, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तिलाही हाच विषय आहे. ती समोरच बसलेली. सगळे हसत होते, ती नाही. म्हणाली, "काका, पन तुमचा प्रश्न तं बरोबर होता. यात हासन्यासारखं काय हाय?"

बालाही हेच विचारायचं होतं. तीस वर्षं मध्ये गेली. मी रुमाल खिशात ठेवला आणि म्हटलं, घसा बसला.

पत्र आल्यावर बायको म्हणाली, "लिहा ना दोन गोड ओळी. म्हातारं मानूस हाय. तुमचं काय जाते?"

म्हातारे तर आहेतच. मीही होतोय. पण वय झाल्यानं त्यांनी उघडलेली पेटी आपोआप बंद होत नाही. मी तो जुना कागद ट्रंकेतून काढला, आज वाचून पाहिला. भाषा जरा तहसिलीतल्यासारखी आहे. मजकुरात एक शब्द बदलावासा वाटला नाही.

म्हणून गौरवग्रंथाच्या समितीला कळवतो. गोड शब्द माझ्याजवळ नाहीत. त्या पेटीत ते पुष्कळ होते, शोधले तर सापडतील. मी हे पाठवतोय, छापायचं असेल तर पूर्ण छापा. नाही छापलं तर सत्काराच्या दिवशी मी येईन, हारतुरे होऊ देईन, भाषणं होऊ देईन, आणि मग उभा राहीन. मागच्या खेपेला माझा कागद त्यांनी वाचला होता. या खेपेला मी वाचीन. माझ्या बोलीत, बापाच्या नावासकट. ज्याला हसायचं त्यानं हसावं. मी त्यांच्यात सामील होणार नाही, आणि संपल्याशिवाय खाली बसणार नाही.